आण्णांच्या नावाचा रिपोर्ट

माझ्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर 'पालकाची सही' असं जिथे छापलंय तिथे पप्पांचं नाव आहे, पण सही पप्पांनी केलेली नाही. ती आण्णांनी केली आहे. आण्णा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. त्या दिवशी पप्पा कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, आतली गर्दी पाहिली आणि गाडी वळवून घरी गेले. तासाभराने आण्णा आले. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. खिडकीमागच्या क्लार्कने विचारलं, "वडील का?" आण्णा म्हणाले, "व्हय." आणि त्यांनी पप्पांच्या नावाची सही इतकी वळणदार केली की मला अभिमान वाटला. त्यात काही चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं वाटत नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे.

आमचं घर वारज्याच्या जुन्या गावठाणात आहे. शेतं होती तिथे आता इमारती आहेत. राहिला तो गोठा, दोन सोसायट्यांच्या भिंतींच्या मधे, पाच म्हशींचा. सोसायटीतले लोक वासाची तक्रार करतात आणि दूधही आमचंच घेतात. आण्णा आणि पप्पा तरुणपणापासून नारायण पेठेत दुधाचा रतीब घालायचे, आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर. ज्याला जमेल तो जायचा. पेठेतल्या गिऱ्हाइकांना इतक्या वर्षांत दोघांतला फरक कळला नाही. एक आजी म्हणायच्या, "अहो, काल तुम्हाला पाव लिटर जास्त सांगितलं होतं ना?" काल गेलेले असायचे आण्णा, आणि समोर उभे असायचे पप्पा. पप्पा म्हणायचे, "ध्यानातच न्हाई राहिलं बघा." खुलासा करत कुणी बसत नसे. रेशनच्या रांगेत, बँकेत, लाइट बिलाच्या खिडकीवर, कुणाच्या दहाव्याला, जो मोकळा असेल तो जायचा आणि दोघांची हजेरी लागायची. माझ्या शाळेच्या पालक सभेला बहुतेक वेळा आण्णाच यायचे. ते सातवी शिकलेले, पप्पा चौथी. घरात सातवीला फार मान होता.

मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी एका रुग्णालयाकडे पाठवलं. तिथे फुफ्फुसाच्या कॅन्सरची तपासणी सुरू झाली होती. वय पन्नासच्या पुढे आणि खूप वर्षं विडी-सिगारेट ओढलेली, अशा माणसांचा छातीचा सीटी स्कॅन करायचा, तोही फुकट. त्रास सुरू व्हायच्या आधीच डाग दिसला तर काही करता येतं, एवढीच त्यामागची कल्पना. आम्ही घरोघर जायचं, फॉर्म भरायचा, समजावायचं, तारीख द्यायची. मला हे काम सोपं वाटलं होतं. फुकट आहे, दुखत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. नाही कोण म्हणेल?

सगळेच नाही म्हणाले. बिबवेवाडीत एका किराणा दुकानदाराने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, शोधायला गेलं की सापडतंच. घरात सुखाने चाललंय ना, कशाला ढवळायचं?" एका घरात बायकोने दारातच सांगितलं की ते बाहेरगावी गेलेत, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनीही तो ऐकला नाही असं केलं. एकांना विडी सोडून वर्ष झालं होतं, त्यांच्या मते आता छाती धुऊन निघाली होती. पेठेतले एक निवृत्त कारकून फॉर्म चष्म्याजवळ नेऊन संपूर्ण वाचून म्हणाले, "फुकट आहे म्हणताय? मग काहीतरी निघणारच. फुकट तपासून कोणी 'तुम्ही ठणठणीत आहात' असं सांगत नाही." मी म्हटलं, "आजोबा, बहुतेकांना तसंच सांगतात." ते म्हणाले, "मग त्यांना पाठवा."

आणि कॅन्सर हा शब्द कोणीच उच्चारत नसे. 'तसलं काही', 'तो आजार', 'ते'. नाव घेतलं की ते ओ देईल, असं असावं. हळूहळू माझ्याही तोंडी 'ते' बसलं.

आमच्या प्रकल्पाच्या मॅडम दर शनिवारी विचारायच्या, "तुमच्या यादीत किती जण प्रत्यक्ष येऊन गेले?" माझ्या यादीत कोणीच नव्हतं. मॅडम रागावायच्या नाहीत, फक्त पुढच्या मुलीकडे वळायच्या. एका शनिवारी घरी येताना मला वाटलं, आपण सगळ्या पुण्याला समजावत फिरतोय आणि आपल्या घरात दिवसाला दोन बंडलं विडी ओढणारा माणूस आहे.

आण्णा पहाटे उठले की आधी खोकायचे. चांगला पाचेक मिनिटं. त्याला ते भोंगा म्हणायचे. "भोंगा झाला, उठा आता," असं म्हणून सगळ्यांना उठवायचे, आणि आम्ही लहानपणी हसायचो. गेल्या वर्षभरात भोंगा लांबला होता. गोठ्यापासून घरापर्यंत दुधाची किटली आणताना ते मधे एकदा टेकायचे. हे मला दिसत होतं. फॉर्मवर त्यासाठी एक चौकट आहे.

मी त्यांना गोठ्यात गाठलं. ते धार काढत होते.

"आण्णा, माझ्या कामाचं एक होतं."

"तुझं काम म्हंजे ते छातीचं ना? पप्पा सांगत होता."

"दहा मिनिटं लागतात. सुई नाही, काही नाही. नुसतं झोपायचं."

"नुसतं झोपायला मला दवाखाना कशाला पायजे?" पप्पा गवत टाकत होते, ते हसले. आण्णांनी मान वर केली. "हे बघ पोरी. विडीचा धूर छातीत बसतो कुणाच्या? ज्याच्या पोटात तूप न्हाई त्याच्या. आम्ही जल्मभर घरचं दूध-तूप खाल्लं. दोन किटल्या बांधून सायकलनं पेठेत जायचो, कुठं दम लागला न्हाई."

"आता लागतो."

धारेचा आवाज थांबला. मला वाटलं चिडतील. पण ते म्हणाले, "तुझ्या मॅडम काय म्हणत्यात? कोण येत न्हाई म्हणून बोलत्यात का तुला?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बोलत नाहीत. पण माझ्या यादीत एकही नाव नाही."

"मग लिही की माझं," आण्णा म्हणाले. "एवढंच ना!"

संमतीपत्रावर त्यांनी सही केली, स्वतःची, तशीच वळणदार. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. त्या दिवशी सकाळी मला बिबवेवाडीत जायचं होतं, म्हणून मी रुग्णालयात थांबू शकले नाही. आधार कार्ड बरोबर न्या, एवढं दोनदा सांगून निघाले. संध्याकाळी घरी आले तर आण्णा ओट्यावर बसले होते. "झालं तुझं काम," म्हणाले. "गार असतंय मशीन. श्वास धर म्हणतंय, सोड म्हणतंय. बाई बोलती आतनं." मी इतकी खूश झाले की त्यांच्यासाठी चहा ठेवला. पप्पा न बोलता म्हशींकडे गेले.

रिपोर्ट आमच्याकडे गठ्ठ्याने यायचे. ज्यांच्यात काही नसेल त्यांचे आम्हीच घरी नेऊन द्यायचे. आण्णांचा त्या गठ्ठ्यात होता. फुफ्फुसं स्वच्छ, गाठ नाही, डाग नाही, वर्षाने पुन्हा तपासावं. माझं इंग्रजी हळू आहे, म्हणून मी प्रत्येक रिपोर्ट शेवटपर्यंत वाचते, न जाणो काही राहायला नको. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना जुनं, जुळून आलेलं फ्रॅक्चर आहे.

मी चौथीत असताना एका व्यालेल्या म्हशीने पप्पांना लाथ मारली होती. डाव्या बरगड्या. पप्पा महिनाभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. हसू आलं की कुशीला हात धरून म्हणायचे, "नका रे हसवू." आण्णांना कधी काही लागलेलं मला आठवत नव्हतं. मी काकूला, म्हणजे आण्णांच्या बायकोला, सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "न्हाई गं, त्यांना कुठली लाथ? ते म्हशीच्या बाजूनं उभं राहतात, तुझ्या पप्पासारखं मागनं जात न्हाईत."

पप्पांना मी गोठ्यात एकट्यांना विचारलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. मी कधी विचारते याची ते वाटच बघत होते असं वाटलं.

"आण्णा म्हणले, माझ्यानं न्हाई होत. तू जाऊन ये. पोरीचा शब्द जायला नको."

"आणि आधार कार्ड?"

"त्यांचंच नेलं. खिडकीवरच्यानं बघितलंही न्हाई धड. त्या फोटोत कोण कुणासारखं दिसतंय?"

"पप्पा, ही काय रेशनची रांग आहे का?"

त्यांनी शेणाची पाटी ओढली. मग शेण गोळा करता करता म्हणाले, "आण्णा घाबरल्यात. मी आजपर्यंत कधी बघितलं न्हाई त्यांना असं. गाडीवर बसले आणि उतरले. ते म्हणले, ताईचं ठरतंय. आत्ता काही निघालं तर? लग्न होऊन जाऊ दे, मग मी आपल्या पायानं जातो."

ताई म्हणजे आण्णांची मुलगी. बिबवेवाडीतल्या एका घरी तिचं जमत आलं होतं. घरात तसलं काही आहे असं कळलं तर मुलाकडचे लोक काय म्हणतील ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रक्तात असेल, मुलीलाही होईल, पुढे पोरांनाही होईल. मी दारोदार जाऊन हेच तर ऐकत होते, आणि हे खरं नाही असं सांगत होते.

"लग्न झाल्यावर नक्की जातील?"

"शब्द हाय त्यांचा."

मी कोणाला सांगितलं नाही. लग्नासाठी म्हणून गप्प बसले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते निम्मंच खरं होतं. माझ्या यादीत एक नाव आलं होतं, पुढे 'झाली' असं लिहिलं होतं, आणि मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली होती. आता हे सांगितलं तर त्या विचारतील, तुमच्याच घरात असं कसं झालं? रिपोर्ट मी पिशवीतून काढून आण्णांच्या हातात दिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं रिपोर्ट कपाटात जाईल. पण आण्णांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बरोबर ठेवायला लागले. देवळासमोर माणसं बसायची तिथे तो निघायचा. "मशीनमध्ये घातलं मला. आख्खी छाती बघितली. काय न्हाई." मुलाचे वडील बोलणी करायला आले तेव्हा बोलता बोलता आण्णांना खोकला आला. काकू पाणी आणायला उठली. आण्णांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "धुळीचा हाय हा. आत्ताच सगळं तपासून घेतलंय," आणि पिशवी पुढे केली. पाहुण्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "असू द्या, असू द्या," म्हणाले. पण त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

सुरुवातीला आण्णा हे सांगताना माझी नजर टाळायचे. नंतर टाळेनासे झाले. गार मशीन, आतून बोलणारी बाई, श्वास धरला तेव्हा कानात झालेला आवाज. हे सगळं पप्पांनी त्यांना सांगितलेलं होतं, पण सांगण्यात दर वेळी थोडी भर पडत होती. एकदा म्हणाले, बाहेर आल्यावर पाय गार पडले होते, एका नर्सनं चादर दिली. पप्पा तिथेच होते. ते म्हणाले, "चादर?" आण्णा म्हणाले, "तुला काय ठावं?" ते चेष्टेने म्हणाले नाहीत. मला वाटतं, तोवर त्यांना ते खरंच आठवत असावं. कागदावर नाव त्यांचं होतं. वय त्यांचं, पत्ता त्यांचा. जन्मभर एक जण दुसऱ्याच्या जागी उभा राहिला की ते दोघांचंही झालेलं असायचं. मग हेच तेवढं का नाही?

आमच्या गल्लीत टेलरमामा राहतात. मी जन्मायच्या आधीपासून त्यांची मशीन तिथेच आहे, रस्त्याकडे तोंड करून. सिगारेट ओढतात, आणि पंखा लावला तर कापड उडतं म्हणून धूर तिथेच राहतो. मी त्यांच्याकडे फॉर्म घेऊन गेले.

"कशाला गं?" ते म्हणाले. "तुझ्या आण्णाची छाती निघाली ना स्वच्छ? माझ्या दुप्पट ओढतो तो. त्याला न्हाई, मग मला कुठनं यायचं?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं, मामा."

"वेगळं कसं? तीच हवा, तीच गल्ली." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुझं मशीन बरं हाय बघ. माझी भीती घालवली."

त्या आठवड्यात गावठाणातल्या आणखी दोघांनी मला हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. फॉर्म हातात धरून मी 'बरं' म्हणाले.

लग्न चांगलं झालं. आण्णा मांडवात दिवसभर उभे होते. फोटोत त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसतो, पण ते आम्हाला फोटो आले तेव्हा दिसलं. पाठवणीनंतर आठवडाभराने मी त्यांना शब्दाची आठवण केली. ते म्हणाले, "कशाला परत? एकदा झालंय की." मी म्हटलं, "आण्णा." ते म्हणाले, "वर्षानं करा म्हणून लिहिलंय त्यात. वाच." मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा खाली बघत होते.

पुढे खोकल्यात रक्त आलं. ते त्यांनी किती दिवस लपवलं माहीत नाही. काकूला रुमाल धुताना कळलं. काकू त्यांना आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आण्णांनी आधी ती रिपोर्टची पिशवीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. चार-पाच महिन्यांपूर्वीचा सीटी, स्वच्छ. ते म्हणाले, चला, निदान 'ते' तर नाही. औषधं दिली, वाफ घ्यायला सांगितली, मग थुंकी तपासायला पाठवली, मग आणखी औषधं. यात दीड महिना गेला. मी डॉक्टरांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी समोरच्या कागदावर विश्वास ठेवला.

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. आण्णांना खुर्चीत बसताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. डॉक्टर पुन्हा तो रिपोर्ट उलटसुलट करत होते. "यात काही नाहीये," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "आणि यांचं वजन मात्र..."

"सर, हा रिपोर्ट यांचा नाही," मी म्हणाले.

खोलीत आम्ही चौघं होतो. काकू मला म्हणाली, "काय बोलतीस?" डॉक्टरांनी माझ्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. मी बरगड्यांची ओळ दाखवली. मी सगळं सांगितलं, पप्पांचं, आधार कार्डाचं, माझ्या यादीचंही.

आण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. ते गोंधळलेले दिसले. त्यांनी हात पुढे करून कागद घेतला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझाच हाय. नाव वाच की."

मला अजूनही त्यांचं ते बोट दिसतं. त्यावर विडीचा पिवळा डाग होता.

दुसऱ्या स्कॅनला आम्ही सगळे गेलो. आत नेण्याआधी त्यांना निळा गाऊन दिला. दारापाशी ते थांबले आणि पप्पांकडे वळले. गावात, देवळासमोर, पाहुण्यांपुढे इतक्या वेळा त्यांनी ते मशीन वर्णन करून सांगितलं होतं. आता हळूच म्हणाले, "श्वास कवा धरायचा रं?"

पप्पा म्हणाले, "ती सांगती आतनं. सांगंल तसं करायचं."

"तू येतो का?"

"आत येऊ देत न्हाईत, आण्णा."

उजव्या फुफ्फुसात मोठी गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. नक्की काय आहे ते कळायला सुई घालून तुकडा काढावा लागला. काकूचा त्याला विरोध होता. सुई लागली की पसरतो, हे तिने कुठे ऐकलं ते विचारण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मी तिला समजावलं. त्या वेळी मी काहीही सांगितलं असतं तरी तिने मानलं असतं, इतकी ती थकली होती. मी मोठ्या डॉक्टरांना एकटीने भेटून विचारलं की तेव्हाच, पहिल्या तारखेला ते स्वतः आले असते तर? त्यांनी स्कॅनची फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "कदाचित. कदाचित नाहीही. नक्की असं मी सांगू शकत नाही." त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की ते खरंच तसं आहे, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आण्णा दिवाळीच्या आधी गेले. सुई लागल्यापासून सात आठवड्यांनी. शेवटच्या दिवसांत ते माझ्याशी चांगलं बोलायचे, अभ्यासाचं विचारायचे. रिपोर्टचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच म्हणाले, "तुझ्या मॅडमला सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "सांग. पर तुझे मार्क जातील का?" मी म्हटलं, नाही जाणार. मला माहीत नव्हतं.

दहाव्याला पप्पा एकटेच बसले होते. एरवी दोघांपैकी कोणी एक गेलं तरी चालायचं, ते चाललं नाही असा हा पहिलाच दहावा असेल.

मॅडमना मी त्यानंतर सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." त्यांनी यादी उघडली, आण्णांच्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली आणि विचारलं, "मग तपासणी झाली कोणाची?" मी पप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी वय विचारलं, विडी-सिगारेट विचारली. पप्पांनी कधीच ओढली नाही. "मग ते आपल्या निकषात बसत नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि नाव न लिहिता यादी मिटली. माझ्या पप्पांची छाती स्वच्छ आहे, एवढी एकच चांगली बातमी त्या सगळ्यात होती, पण ती कुठेही नोंदलेली नाही.

मार्क गेले नाहीत. मॅडमनी मला काम चालू ठेवायला सांगितलं. त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

मी पुन्हा गल्लीत निघाले, आधी टेलरमामांकडे. ते आता काम करताना अधूनमधून थांबतात, छातीवर मूठ ठेवतात, मग पुन्हा पायडल मारतात. फॉर्म बघून त्यांनी मान हलवली.

"न्हाई पोरी. आण्णाला बघितलं की मी. दुसऱ्यांदा मशीनमध्ये घातला, सुई टोचली, आणि दोन महिन्यांत माणूस संपला. पहिल्यांदा नुसतं बघितलं तवा चांगला होता."

म्हणजे आण्णांच्या पहिल्या रिपोर्टमुळे मामा आले नव्हते, आणि दुसऱ्यामुळेही येणार नव्हते. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांना पहिल्या रिपोर्टचं सगळं सांगितलं. रस्त्यावरून माणसं जात होती. मामांनी मशीन थांबवली होती.

"म्हंजे तो रिपोर्ट तुझ्या पप्पाचा."

"हो."

"आणि मी तवा म्हणलो, आण्णाची छाती स्वच्छ निघाली. तवा तुला ठावं होतं?"

"हो, मामा."

"आणि तू बरं म्हणून गेलीस."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

"मग आत्ता तू खरं बोलतीस हे कशावरनं?"

कॉलेजात आम्हाला शिकवतात की लोकांच्या समजुती आधी ऐकून घ्याव्यात, मग हळूहळू माहिती द्यावी. समजूत आपणच दिलेली असेल तर काय करावं ते कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

"ठेव तो कागद," मामा शेवटी म्हणाले, कदाचित मी उठावं म्हणून. "कात्रीखाली ठेव, उडंल."

मी ठेवला. त्याला आता तीन आठवडे झाले. दर शनिवारी मी जाते. ते म्हणतात, "बघू," आणि खोकतात. फॉर्म कात्रीखालीच आहे, कडेला तेलाचा डाग पडलाय, आणि नावाची जागा कोरी आहे. मामांचं नाव, वय, पत्ता, दिवसाला किती सिगारेटी, सगळं मला पाठ आहे. दोन मिनिटांत भरून होईल, सहीसुद्धा त्यांच्या पावतीपुस्तकात बघितलेली आहे.

मी पेन काढत नाही. पायरीवर बसून राहते.